उंदीर मेले, पिसवा आमच्या वाट्याला (5 पैकी 2 स्टार)

लालबागला चाळीत तळमजल्यावर राहतो, मागे गटार, त्यामुळे उंदीर ठरलेलेच. गणपतीनंतर फारच झाले म्हणून एका पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं, नाव लिहीत नाही कारण नंतर परत येऊन काम केलं त्यांनी. 1800 रुपये. पोरगा वेळेवर आला, बोलायला चांगला, ओट्याखाली, मोरीच्या कडेला, माळ्यावर निळे केक ठेवले आणि पंधरा मिनिटांत गेला पण.

चौथ्या दिवशी माळ्यावरून वास. आमचे हे वर चढले आणि शेपटीला धरून उचलणार तेवढ्यात खालून सासूबाई ओरडल्या, अरे हात लावू नकोस, पिसवा असतात त्याच्या अंगावर! सासूबाई बीडकडच्या, 94 साली तिकडच्या मामला गावात प्लेग आला तो त्यांना चांगला आठवतो, आधी पिसवा वाढल्या आणि उंदीर मरून पडले, मग माणसांना गाठी.

आणि खरंच, माझ्या घोट्याला तोपर्यंत लाल फोड आले होते, एका रांगेत तीन. उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडतात आणि जवळ जे गरम अंग मिळेल त्यावर उडी मारतात, प्लेग पसरतो तो असाच. त्यातून पिसू प्लेगची असली तर जंतू तिच्या पोटाच्या तोंडाशी बुचासारखे अडकतात, प्यायलेलं रक्त आत जातच नाही, म्हणून ती भुकेली परत परत चावते आणि जंतू जखमेत ओकते. 1896 ला आपल्या मुंबईत, मांडवीला प्लेगची साथ सुरू झाली तेव्हा हे कुणाला माहीतच नव्हतं, पिसवांचा पुरावा सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1898 ला कराचीत दिला, तोपर्यंत इथे माणसांनाच घराबाहेर काढून घरं धुणं चाललं होतं.

मी आपली घाबरून डॉक्टरकडे. ते हसले आधी, पण जांघेत हात लावून बघितलं. म्हणाले उगाच टेन्शन घेऊ नका, पण आठवडाभर लक्ष ठेवा, एकदम थंडी वाजून ताप, डोकं ठणकणं, आणि जांघेत, काखेत नाहीतर मानेला दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी या. पायाला चावली तर गाठ बहुतेक जांघेत येते. औषध न घेतल्यास गाठीच्या प्लेगात 30 ते 60 टक्के लोक दगावतात, वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर बहुतेक वाचतात. नुसत्या गाठीवाल्याजवळ बसून सहसा लागत नाही, फुप्फुसात उतरला तर मात्र खोकल्यातून लागतो. मला काही झालं नाही, फोड खाजून खाजून गेले.

दुसऱ्या फेरीला दुसरे दादा आले, वयस्कर. त्यांनी आधी कोपऱ्यांत आणि मेलेल्या उंदरावर पिसवांचं औषध मारलं, मग हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधून नेला. म्हटलं हे पहिल्यांदाच का नाही केलं, तर म्हणे ते पॅकेज वेगळं, 600 जास्त. नाही दिले.