लिनक्स सर्व्हरसाठी गोठवलेल्या आवृत्त्या की सतत नव्या?

लिनक्स सर्व्हर उभारताना मुख्यतः दोन मार्ग समोर असतात. डेबियन स्टेबल, उबंटू एलटीएस किंवा रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स या स्थिर वितरणांत (वितरण म्हणजे लिनक्सचा वापरायला तयार संच) पॅकेजांच्या, म्हणजे त्यातल्या सॉफ्टवेअरच्या, आवृत्त्या बहुतांशी गोठवलेल्या असतात. आर्च किंवा ओपनसुसे टम्बलवीडसारख्या रोलिंग वितरणांत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती लवकरच सर्व्हरवर येते. ‘चालू आहे ना, मग हात लावू नका’ हा तिसरा मार्गही स्थिरतेच्या नावाखाली खपवला जातो. पण त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, म्हणून तो येथे विचारात घेतलेला नाही.

जुने सॉफ्टवेअर म्हणजे असुरक्षित, हा आक्षेप बहुधा केवळ आवृत्तीचा क्रमांक पाहून घेतला जातो. जुलै २०२४ मध्ये दुरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचच्या सर्व्हरमधील सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक) ही गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा मूळ प्रकल्पाने ९.८पी१ काढली, डेबियन १२ ने मात्र ९.२पी१ हीच आवृत्ती कायम ठेवून तिच्यात आवश्यक तेवढी दुरुस्ती घातली आणि पॅकेजच्या क्रमांकाला ‘डेब१२यू३’ ही शेपटी जोडली. केवळ ९.२ पाहून इशारा देणाऱ्या त्रुटी-शोधक स्कॅनरपेक्षा ही शेपटी आणि वितरणाचे सुरक्षा-पत्रक अधिक विश्वासार्ह आहे. डेबियन ११ मधील ८.४पी१ ला तर ही त्रुटी लागूच नव्हती, कारण ती ८.५पी१ पासून शिरली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये डेटा संकुचित करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग शाखेपर्यंत (जिथे पुढची स्टेबल घडते) आणि रोलिंग वितरणांपर्यंत पोहोचल्या होत्या, स्टेबलमध्ये नव्हत्या.

गोठवण्याची किंमत मात्र एकरकमी मोजावी लागते. डेबियन १२ वरून १३ वर जाताना पीएचपी ८.२ वरून ८.४ वर, पायथॉन ३.११ वरून ३.१३ वर आणि पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस १५ वरून १७ वर जातो, म्हणजे कोडची सारी फेरतपासणी एकाच वेळी अंगावर येते. रोलिंगमध्ये हेच ओझे हप्त्याहप्त्याने येते, पण हप्त्याची तारीख आपल्या हातात नसते: आर्चवर नेहमीच्या अपडेटमध्ये पोस्टग्रेएसक्यूएलची मुख्य आवृत्ती बदलली की डेटाबेस सुरूच होत नाही आणि डेटा डिरेक्टरी जुन्या आवृत्तीची असल्याचा संदेश लॉगमध्ये दिसतो. मग बाकीचे अपडेट करून एवढेच पॅकेज कायमचे मागे ठेवावे, तर अर्धवट अपडेटला आर्चचा पाठिंबा नाही.

म्हणून सर्व्हर कॉन्फिगरेशनमधून पुन्हा उभारता येत असेल, स्वयंचलित चाचण्या असतील आणि नियमित अपडेट करणारी व्यक्ती ठरलेली असेल, तरच रोलिंगचा विचार करावा. इतरांनी स्थिर वितरण घ्यावे आणि सुरक्षेचे अपडेट स्वयंचलित ठेवावेत. एखाद्याच घटकाची नवी आवृत्ती हवी असेल, तर संपूर्ण वितरण न बदलता बॅकपोर्ट्समधून (स्थिर वितरणासाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांतून), मूळ प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेज-साठ्यातून, किंवा कंटेनरमधून (लायब्ररींसह वेगळ्या बांधलेल्या संचातून) घेता येते. मात्र कंटेनर ज्यावरून चालतो ती प्रतिमा (इमेज) वेळोवेळी पुन्हा बांधली नाही, तर आतली लायब्ररी जुनीच राहते.

कोणताही मार्ग घेतला तरी अपडेट बसले म्हणजे लागू झालेच असे नाही. चालू सेवा जुनी लायब्ररी मेमरीत धरून बसते आणि लाइव्ह पॅचिंग (चालू कर्नलमध्येच दुरुस्ती) नसल्यास नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, रीबूटनंतरच कामाला लागतो. त्यामुळे सेवा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी.