कॉम्प्युटरचं तापमान बघायला फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि १०,८९९ रुपये गेले, वाचून घ्या

मे महिना, लग्नसराई, बाहेर ४५ डिग्री, आणि माझा कॉम्प्युटर रेंडर लावला (म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची फायनल फाइल बनवायला लावली) की वीस-पंचवीस मिनिटांत खटकन बंद. मी मानेवाड्याला घरूनच लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम एडिट करते, दोन-तीन फोटोग्राफर नेहमी मलाच काम देतात. त्या आठवड्यात एका पार्टीला रविवारी पेन ड्राइव्ह द्यायचाच होता आणि मशीन तीनदा बंद पडलेलं, म्हणजे माझी काय हालत झाली असेल ते हे काम करणाऱ्यांना सांगायला नको. हे सगळं लिहून राहिले कारण नागपुरात उन्हाळ्यात कॉम्प्युटर सगळ्यांचेच तापतात आणि सगळेच आधी तेच सर्च करतात जे मी केलं.

मी सर्च केलं, कॉम्प्युटरचं तापमान बघायचं फ्री सॉफ्टवेअर. सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं. वर बारीक अक्षरात ती जाहिरात आहे असं लिहिलेलं होतं, ते मी वाचलं नाही. पेज एकदम चकाचक, कंपनीसारखं, मोठं हिरवं डाउनलोड बटन. आणि खाली एक ओळ होती की तुमचा अँटीव्हायरस कदाचित अडवेल, ती चुकीची वॉर्निंग असते, दहा मिनिटं बंद करून इन्स्टॉल करा.

इथे मी फसले, आणि हे नीट सांगते कारण ही ओळ अर्धी खरी आहे म्हणूनच ती इतकी घातक आहे. तापमान मोजणारे सेन्सर प्रोसेसरच्या आतच असतात, ते वाचायला सॉफ्टवेअरला विंडोजच्या खूप आत जावं लागतं, त्यासाठी ते स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि हार्डवेअरला जोडणारा छोटा प्रोग्राम, टाकतं, म्हणून ते ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतं. खरं असो की खोटं, दोघंही मागतात. आणि अशा बऱ्याच चांगल्या, फुकट सॉफ्टवेअरमध्ये विनरिंग-झीरो नावाचा एक जुना ड्रायव्हर वापरलेला होता, त्यात सुरक्षेचं भोक सापडलं होतं, म्हणून २०२५ च्या मार्चपासून विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, त्या चांगल्या सॉफ्टवेअरलाही अडवायला लागला. मी हे कुठेतरी वाचलेलं होतं. त्यामुळे वॉर्निंग आली तेव्हा मला वाटलं हो बरोबर आहे, असं होतं, आणि मी स्वतःच्या हाताने डिफेंडर बंद केला. घराची किल्ली काढून दिली म्हणा ना.

इन्स्टॉल झाल्या झाल्या स्क्रीनभर एक गोल डायल आला, काटा सरसर फिरला आणि लाल पट्ट्यात जाऊन थांबला. ९७ डिग्री. खाली लाल अक्षरात, प्रोसेसर कायमचा खराब होण्याची शक्यता, आणि बाजूला दुरुस्त करा असं बटन. दाबलं तर प्रो व्हर्जन, २,३९९ रुपये, क्यूआर कोड. माझ्या डोळ्यासमोर रविवारची डिलिव्हरी होती, मी मोबाइल काढून स्कॅन केला. पैसे गेले तसा काटा हळूहळू खाली आला, ६२ वर, डायल हिरवा झाला. मी खरंच सुटकेचा श्वास सोडला, यांना आतून हाक मारून सांगितलं की झालं ठीक. तेव्हा एवढी साधी गोष्ट सुचली नाही की थर्मामीटर विकत घेतल्याने ताप उतरत नसतो. प्रोसेसरवरचा पंखा तोच, खोली तीच, दुपारचे तीन वाजलेले, मग ३५ डिग्री उतरले कशाने?

रेंडर लावलं. पंचवीस मिनिटांत पुन्हा बंद.

सुरू केल्यावर डायल ९८, आणि या वेळी मोठ्या अक्षरात एक फोन नंबर. लावला. माणूस हिंदीत, आवाज इतका शांत की बँकेतला अधिकारी वाटावा. मॅडमजी घबराइये मत, हमारे इंजीनियर देख लेंगे. एक रिमोटचं ॲप टाकायला लावलं आणि माझा माउस आपोआप फिरायला लागला. त्याने विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून दाखवला, त्यात लाल आणि पिवळ्या खुणांच्या ओळीच ओळी, म्हणाला ये देखिए, सब प्रोसेसर की गलती है. (नंतर कळलं की त्या ओळी कोणत्याही चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्येही असतात, तुमच्याही असतील.) थर्मल ड्रायव्हर आणि तीन वर्षांचं लायसन्स, ८,५०० रुपये. दिले. मग म्हणाला तुमचे चुकून जास्त कटले, ६,००० रिफंड करतो, नेट बँकिंग उघडा. मी लॉगिनचं पान उघडलं आणि स्क्रीन काळी झाली, तो म्हणाला टेस्ट चालू आहे, मोबाइलवर ओटीपी येईल तो सांगा.

माझा पोरगा दहावीत आहे, तो मागे पाणी प्यायला आला होता. त्याने माझा चेहरा पाहिला, मोबाइल पाहिला, आणि काही न बोलता राउटरची वायर उपटली. ओटीपी तोपर्यंत आलेला होता. मी तो सांगितला नव्हता, एवढंच काय ते वाचलं. खात्यात तेव्हा सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे होते.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. हा नंबर सगळ्यांनी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत सांगितलं तरच ते अडकवता येतात म्हणून इथे मिनिटं महत्त्वाची असतात, कुणाला विचारत बसू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम विचारतात, ते समोर ठेवून फोन करा. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार, स्क्रीनशॉट जोडून. बँकेला कळवलं, सगळे पासवर्ड बदलले, आणि ते मोबाइलवरून बदलले, त्या कॉम्प्युटरला हात न लावता.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट स्कूटीवर मध्ये धरून बर्डीला नेला, तिथे एक रिपेअरवाले भाऊ आहेत, जुने ओळखीचे. त्यांनी आधी काही इन्स्टॉल केलंच नाही. सुरू करताना डिलीट बटन दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारी मदरबोर्डची सेटिंग, उघडला, तिथे प्रोसेसरचं तापमान मदरबोर्ड स्वतःच दाखवतो, ४४ डिग्री. मग विंडोज चालू केलं, तो डायल आला, ९७. ताई, एका मिनिटात एवढं चढत नाही, म्हणाले, आणि तेही काही काम न करता. मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. दुकानात एक भंगारात काढलेलं जुनं मशीन होतं, नेट नसलेलं, त्यात तेच सॉफ्टवेअर टाकलं आणि दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवल्या. ९७, ९६, ९८, ९७, ९४. आणि माझ्यावर पण ९७, ९६, ९८, ९७, ९४. दोन वेगळी मशीन, दोन वेगळे प्रोसेसर, आणि आकडे त्याच क्रमाने. ते सेन्सर वाचतच नव्हतं, आकड्यांची ठरलेली यादी दाखवत होतं. मी त्या यादीच्या भीतीने दहा हजार दिले.

आता खरा बिघाड ऐका. त्यांनी माझे व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर काढून घेतले, विंडोज कोरं टाकलं, आणि लिब्रे हार्डवेअर मॉनिटर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, हे खरंच फुकट आहे, ओपन सोर्स आहे, कामधंद्यासाठी पण चालतं. एचडब्ल्यूइन्फो पण उत्तम आहे पण त्याचं फुकट व्हर्जन घरगुती वापरापुरतं आहे, धंद्याला लायसन्स लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. रेंडर लावून बघितलं तर प्रोसेसर ८८ पर्यंत गेला. माझा आय फाइव्ह १०४०० आहे, त्याची मर्यादा १०० डिग्री, तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, बंद पडायची वेळ त्याच्याही बऱ्याच नंतर येते. म्हणजे ८८ ला बंद पडायचं कारणच नव्हतं. बिघाड एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात होता. त्याचा पंखा अडकलेला. उघडल्यावर जाळीला धुळीचा असा थर की बोटाने उचलला तर कापडासारखा अख्खा निघाला, आणि त्यात आमच्या कूलरच्या ताटीचे बारीक बारीक तंतू गुंतलेले. कॅबिनेट कूलरच्या समोर ठेवलेला, मला वाटायचं थंड हवा लागते, प्रत्यक्षात तो ओलसर हवा आणि भुसा ओढून राहिला होता. साध्या एसएमपीएसचं तापमान कोणतंच सॉफ्टवेअर दाखवत नाही, कारण त्यातून ती माहिती बाहेर येतच नाही, तो तापला की मशीन सरळ बंद. नवीन एसएमपीएस, प्रोसेसरची पेस्ट आणि मजुरी मिळून ३,४०० लागले.

आकड्यावरून ते भाऊ एक बोलले ते मला पटलं. ३० मे २०२४ ला आपल्याच रामदासपेठेत ५६ डिग्रीची नोंद झाली होती, आठवत असेल, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये पण असं होतं. मदरबोर्डवर जिथे सेन्सर जोडलेलाच नाही तिथला आकडा १२७ वगैरे दिसतो, तो पाहून घाबरायचं नाही. आणि उलट, मेच्या दुपारी खोलीत ३८ असताना कोणी प्रोसेसर ३० दाखवत असेल तर तेही खोटं, पंख्याने खोलीपेक्षा थंड काही होत नाही.

हे एकट्या माझ्यासोबत झालं नाही. एमएसआय आफ्टरबर्नर म्हणून ग्राफिक कार्डचं सॉफ्टवेअर आहे, पोट्टे गेमिंगसाठी वापरतात, त्याची नकली वेबसाइट निघाल्याचं खुद्द एमएसआयने मे २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडच्या नावाने सर्चमध्ये जाहिराती लावून पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर वाटलं जात होतं. म्हणजे नाव माहीत असून भागत नाही, नाव बरोबर असतं आणि दुकान दुसऱ्याचं असतं. मी आता असं करते, जाहिरात लिहिलेल्या एकाही रिझल्टवर जात नाही, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पत्त्यावरूनच घेते, आणि इन्स्टॉल करायच्या आधी फाइलवर राइट क्लिक करून डिजिटल सिग्नेचर कोणाची आहे ते बघते. सही नसली म्हणजे लगेच चोर असं नाही, पण अनोळखी नावाची असली तर डिलीट. ग्राफिक कार्डचं तापमान तर २०२० च्या अपडेटपासून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येच दिसतं, त्याला काही टाकावं लागत नाही. प्रोसेसरचं तिथे दिसत नाही आणि म्हणूनच आपण बाहेर शोधायला जातो.

आणि ज्या तापमानाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोन नंबर दिसेल ते त्याच क्षणी नेट काढून बंद करा. इतकी वर्षं चाललेल्या त्या चांगल्या सॉफ्टवेअरपैकी एकातही स्क्रीनवर घाबरवून फोन करायला लावत नाहीत, ते आकडा दाखवतात आणि गप्प बसतात.

८,५०० पैकी ३,२०० पुढच्या खात्यात अडकवल्याचं बँकेने कळवलंय, ते परत मिळायचा अर्ज दिलाय, बाकीचे गेले. पार्टीचा पेन ड्राइव्ह रविवारऐवजी बुधवारी दिला, त्यांनी समजून घेतलं. कॅबिनेट आता कूलरपासून लांब, जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवलाय, दर पंधरा दिवसांनी जाळी ब्रशने साफ करते, नवतप्यात पण रेंडरला ७९ च्या वर गेला नाही.

त्या लोकांचे फोन अजून येतात, नंबर वेगवेगळे. परवा दुपारी आला, मॅडमजी आपके सिस्टम का टेम्परेचर फिर से बढ़ रहा है. तेव्हा आमच्याकडे सकाळपासून लाईट नव्हती, कॉम्प्युटर बंद होता. तोही नंबर मी तक्रारीत जोडलाय.