हरणाच्या शिंगाची पिपाणी: दहा महिन्यांनंतर, आणि मुख्यतः थुंकीबद्दल

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, पहाटेचे साडेसहा, पारा उणे सहा. साठ पावलांवर शिंगांना आठ टोकं असलेला हरणाचा नर येऊन थबकलेला, मान वर, कान माझ्याकडे. कॅमेरा तयार होता. हरणाच्या हुंकाराची नक्कल करून नराला जवळ बोलावणाऱ्या ज्या पिपाणीचं मी नऊ महिने घरीदारी कौतुक सांगितलं ती तोंडाला लावली आणि फुंकली. आवाज आला तो सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. फुस्स. नराने शेपटीचा पांढरा झेंडा उभारला आणि तीन उड्यांत दिसेनासा झाला.

तर हा अनुभव त्या फुस्सबद्दल आहे.

मी शिकारी नाही. पेनसिल्व्हेनियात राहतो, सुट्टीच्या दिवशी रानात फोटो काढत बसतो. शेजारचे आजोबा पन्नास वर्षांचे मुरलेले शिकारी. माझी दुकानातली प्लास्टिकची पिपाणी पाहून ते म्हणाले, "हे खेळणं आहे, शिंगाची बनव." मला वाटलं होतं पैसेही वाचतील. हिशोब ऐका: शिंगाचा तुकडा १४ डॉलर, पत्तीच्या बुचांची पुडी (बुचावरची पातळ पत्ती थरथरते, तोच आवाज) ८, पातळ सुपरग्लू ५, ड्रिलची पाती ११. एकूण ३८. प्लास्टिकची मला १५ला पडली होती. घरातल्या अर्थमंत्र्यांना हा आकडा अजून सांगितलेला नाही.

शिंग कुठून आणलं? पाळीव प्राण्यांच्या दुकानातून. इथे कुत्र्यांना चघळायला हरणाची गळलेली शिंगं विकतात, तीच. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे नर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान शिंगं टाकतात आणि इथे ती रानात वेचणारेही पुष्कळ आहेत. मी दोन शनिवार वेचायला गेलो, मिळाल्या त्या गोचिड्या. मग गपचूप दुकान गाठलं.

आपल्याकडे बैलाचं तेही शिंग आणि सांबराचं तेही शिंग, पण ड्रिल लावलं की फरक नाकाला कळतो. हरणाचं शिंग म्हणजे चक्क हाड. भोक पाडताना दंतवैद्य दाढ कोरतो तेव्हाचा वास येतो. बैलाचं किंवा म्हशीचं शिंग नखाच्या जातीचं, त्याला जळक्या केसांचा वास. दोन्हींची पूड छातीत जाऊ देऊ नये, चांगला मास्क लावूनच काम करा. गॅरेजचं दार उघडं ठेवलं होतं तरी बायकोने चार दिवस गाडी बाहेर लावली.

बनवण्याची कृती थोडक्यात अशी. हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीचा तुकडा, मधून ३/८ इंची आरपार भोक, आत पत्तीचं बूच. शिंगाचा गाभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो, तो तसाच सोडला तर ओल पितो. म्हणून आतून सुपरग्लूचे तीन हात दिले (आपलं फेविक्विक असतं तसलाच, फक्त जास्त पातळ). वर काचकागद, शेवटी जुन्या गंजीफ्रॉकने पॉलिश. दिसायला अशी देखणी झाली की आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली.

तिथे चूक झाली. आई सांगलीची. आधी तिला सांबरशिंगच आठवलं. आजी सहाणेवर उगाळून छातीला लेप लावायची. "येताना एक तुकडा घेऊन ये." आणता येत नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानात गळून पडलेलं शिंगसुद्धा उचलून घरी नेता येत नाही, मग इथलं विमानातून नेऊन कस्टमवाल्याला हे अमेरिकेतल्या कुत्र्यांचं खाऊ आहे असं कोण सांगणार? हे पटलं. मग तिच्या लक्षात आलं की ही वस्तू मी तोंडात धरतो. "अरे, हाड ते! आणि तेच उष्टं पुन्हापुन्हा?"

आईचा मुद्दा धर्माचा होता, पण दुखणं नेमकं तिथेच निघालं. उष्टं. थुंकी.

फेब्रुवारी ते ऑक्टोबर तक्रारीला जागाच नव्हती. आवाज खोल, थोडा घशातला. जेवणानंतरच्या ढेकरेचा आणि डुकराच्या गुरगुरण्याचा मधला काहीतरी. प्लास्टिकवाली किरटी वाजते, ही भरीव वाजते. आजोबांनी ऐकून मान डोलावली, जी ते सहसा डोलावत नाहीत. पण माणसाचा श्वास ओला असतो. थंडीत ती ओल पत्तीवर जमते, पत्ती बुचाच्या पन्हळीला चिकटते, आणि शून्याखाली तिथेच गोठते. वर्षातले जे दोन-तीन आठवडे ही वस्तू खरी कामाची, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर नर माजावर असतात तेव्हा, नेमकं तेव्हाच ती मुकी.

पुडीतल्या सहा पत्त्यांपैकी दोन मुळातच वाकड्या होत्या. ज्या दुकानातून ऑनलाइन मागवल्या त्यांना फोटोसकट लिहिलं. उत्तर: "ओलसर जागी ठेवू नये." अहो, तोंडात धरायची वस्तू! चार ईमेल झाले. पाचव्याला त्यांनी पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट देऊ केली, म्हणजे ८० सेंट. मी ती घेतली नाही. (खरं तर घेतली. पण रागाने घेतली.)

आजोबांचा उपाय असा: खिशातली डॉलरची नोट काढायची, पत्तीखाली सारायची, दात कोरल्यासारखी ओढून घ्यायची. नोटेचा कागद सुती असतो, ओल टिपतो, फाटत नाही. बदकांचे शिकारी हेच करतात म्हणे. चालतं, पण दर दहा मिनिटांनी. आणि तेवढी हालचाल हरणाला पुरते.

इथपर्यंत लिहून मी पाचपैकी दोन तारे देणार होतो. मग थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा इथला सण) आदल्या रात्री डोक्यात आलं: फुंकायचीच कशाला? टर्कीच्या पंखांची हाडं जोडून करतात ती जुनी पिपाणी तर ओढून वाजवतात, चुंबन घेतल्यासारखी. बूच उपसलं, उलटं बसवलं, आणि फुंकण्याऐवजी श्वास आत ओढला. पहिल्या झटक्याला आत राहिलेली हाडाची पूड घशात गेली. ती चव वर्णन करणार नाही. दुसऱ्या झटक्याला तोच खोल हुंकार. आता पत्तीवरून जाते ती बाहेरची कोरडी हवा, माझा ओला श्वास नाही. उणे नऊलाही वाजली. दात मात्र कळवळतात.

रायफलचा हंगाम सुरू झाल्यावर सरकारी शिकाररानात ती वाजवणं मी बंद ठेवलं. झुडपात बसून हरणाचा आवाज काढणारा माणूस म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर तिथे बिनशिकाऱ्यालाही भडक नारिंगी घालावं लागतं, पण नारिंगी रंग आवाजाला लागत नाही. २०१८पर्यंत हा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि अर्धं ऑफिस आजारी पडायचं. आता शनिवारी होतो, त्यामुळे तब्येती सुधारल्यात. मी घरामागच्या ओट्यावरूनच वाजवली. तिसऱ्या संध्याकाळी कुंपणापलीकडे सहा टोकांचा एक तरुण नर आला आणि तीन मिनिटं दुसरा नर कुठे लपलाय ते शोधत राहिला. फोटो मिळाले. हात थरथरत होते, त्यामुळे चांगला एकच.

म्हशीच्या शिंगाचाही प्रयोग केला. हस्तकलेच्या दुकानात मिळालं, उलटून पाहिलं तर "मेड इन इंडिया". उत्तर प्रदेशात संभळला शिंगाचं काम मोठं चालतं, तिकडचंच असावं. म्हणजे माझ्याआधी तेच सातासमुद्रापार आलेलं. आतून पोकळ असल्याने आवाज मोठा, पण ड्रिल तापलं की शिंग मऊ पडतं आणि भोक लंबगोल होतं. बूच ढिलं बसलं, एकदा वाजवताना निसटून ओठावर आलं. दोन तारे, तेही रंगाला.

हरणाच्या शिंगाचीला चार. पाचवा त्या दोन वाकड्या पत्त्यांनी खाल्ला.

उरलेल्या तुकड्याची दुसरी पिपाणी आजोबांसाठी करायची होती. अर्धी कोरून ओट्यावर ठेवली आणि चहा आणायला आत गेलो. त्यांच्या कुत्र्याने ती मूळ कामासाठी वापरली.