थंडीत बॅटरी बसली: चार्ज करायची की नवी घ्यायची?

निफाड-नाशिककडे पारा सहा-सात अंशांवर आला की पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि त्याच सुमारास कुणाची तरी गाडी सेल्फ मारल्यावर नुसती कण्हते. मग दोन सल्ले मिळतात. "चार्जिंगला लाव, होईल ठीक" हा एक आणि "नवीनच टाक, कटकट नको" हा दुसरा. आपल्या गाडीला यातला कोणता लागू पडतो, हे ठरवायला साधा मल्टिमीटर (व्होल्टेज-करंट मोजायचं छोटं यंत्र) आणि थोडा धीर पुरतो.

महाराष्ट्रात बॅटरी खरी खंगते ती एप्रिल-मेमध्ये. बॉनेटखालच्या उष्णतेने आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिलं, तर आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. हे नुकसान डिसेंबरपर्यंत कळत नाही. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते (शून्य अंशाला ताकद जवळपास एक तृतीयांशाने घटते) आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फला करंट मात्र जास्त लागतो. डिझेल गाडीत हा भार आणखी मोठा. तरीही धडधाकट बॅटरी सहा अंशांत गाडी सहज उचलते. आपल्याकडच्या थंडीत बसली, तर काहीतरी आधीच बिघडलेलं आहे असं धरून चालावं.

गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा सकाळी, सेल्फ मारण्याआधी व्होल्टेज पाहा. 12.6 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली असेल तर ती उतरली आहे, पण ती मेली आहे असं एवढ्यावरून ठरत नाही. पूर्ण चार्ज करा, रात्रभर तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा. 12.6 टिकले आणि सेल्फ मारताना आकडा 10 च्या आसपास राहिला, तर बॅटरी चांगली आहे. भरलेली असूनही सेल्फ मारताच 9.6 च्या खाली कोसळत असेल, तर तिच्यात दम उरलेला नाही. चार्ज करूनही 10.5 वर अडकली असेल, तर सहापैकी एक सेल गेला. अशा बॅटरीवर चार्जिंगचे पैसे घालू नका.

हे मी इतक्या तळमळीने सांगतोय, कारण माझ्या सासऱ्यांच्या गाडीत एका दुकानदाराने काहीही न मोजता नवी बॅटरी बसवली. आठच दिवसांत गाडी पुन्हा बंद. पॉझिटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पखाली पांढरी-हिरवट भुकटी साचली होती, करंट तिथेच अडत होता. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती धुतली, क्लॅम्प घट्ट केला, वर पेट्रोलियम जेली लावली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. जुनी बॅटरी तोवर भंगारात गेली होती. त्या दिवसापासून मी कुणालाही आधी टर्मिनल पाहायला सांगतो.

चार्ज करून चालवणं कुणाला परवडतं? ज्याची बॅटरी दोन-अडीच वर्षांची आहे, गाडी आठवडाभर उभी होती किंवा आतला दिवा रात्रभर जळत राहिला, त्याला. सावकाश चार्ज करा: 35 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला साडेतीन अँपिअरच्या आसपास, दहा-बारा तास, हवेशीर जागी. पाणी घालायची सोय असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, अ‍ॅसिड नको. मात्र चार्ज केल्यावर इंजिन चालू ठेवून व्होल्टेज नक्की बघा. साधारण 13.8 ते 14.5 हवेत. त्याहून कमी असेल तर दोष अल्टरनेटरकडे (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा भाग) आहे आणि नवी बॅटरीही तशीच उतरेल. गाडी बंद असताना 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असेल, तर डॅशकॅम किंवा नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम तपासा.

बॅटरी चार वर्षांच्या पुढे असेल आणि सेल्फ मारताना कोसळत असेल, तर मी तिची डागडुजी करत बसणार नाही. साधी पाण्याची बॅटरी स्वस्त पडते, पण तिच्यातलं पाणी पाहणं आलं. ते जमत नसेल तर मेंटेनन्स-फ्री बरी. एजीएम (आतलं अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली बॅटरी) बरीच महाग असते. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला कंपनीने ईएफबी (पाण्याच्या बॅटरीचाच जास्त दणकट प्रकार) किंवा एजीएम दिली असेल, तर तीच घ्या. तिथे साधी टाकली तर लवकर जाते. उरलेल्यांनी एजीएमवर पैसे घालवण्याची गरज मला वाटत नाही. घेताना तयार झाल्याची तारीख आणि टर्मिनलची डावी-उजवी बाजू पाहा. जुनी परत दिली की किमतीतून काही रक्कम वजा होते.

जम्पर केबल हा वरच्या दोन्हींना पर्याय नाही, त्या सकाळी ऑफिसला पोहोचवण्यापुरता आहे. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या गॅसजवळ पडत नाही. धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गाडीत, आणि तेही डॅशबोर्डचे दिवे लागत असतील तरच. इंजेक्शनच्या गाडीत पंपालाही वीज लागते. लेहला गाडी नेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: उतरलेली बॅटरी शून्याखाली काही अंशांवरच आतून गोठते. कवच फुगलेलं दिसलं, तर तिला केबल लावू नका, चार्जरही नको.