काडी वाजवली की सगळे पक्षी ठणठणीत

इंदूरात पक्ष्यांची जोडी घ्यायला निघाला असाल तर दुकानदाराच्या हातातल्या काडीकडे नीट बघा. गिऱ्हाईक आत आलं की तो ती पिंजऱ्याच्या सळ्यांवरून टर्रर्र करत फिरवतो. सगळे फिंच, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान पाळीव पक्षी, एकदम उडतात, एकमेकांवर आदळतात, आणि तो ऐटीत म्हणतो, "देख लो भिया, एक भी सुस्त नहीं." आम्हालाही हेच दाखवलं गेलं.

पंधरा ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा जीव आजार शेवटपर्यंत लपवतो. थव्यात जो मलूल दिसतो त्यालाच शिकारी पक्षी आधी उचलतो, म्हणून माणूस जवळ आला की आजारी फिंचसुद्धा पिसं अंगाला चिकटवून ताठ बसतो. काडी वाजली की उडतोसुद्धा. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं आणि त्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी झेब्रा फिंचची एक जुनी जोडी होतीच. लेकीला गोल्डियन फिंच हवे होते. उत्तर ऑस्ट्रेलियातला हा पक्षी, हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळं पोट. आपल्याकडे विकायला येतात ते पिंजऱ्यातच वाढवलेले. जोडीचे चार हजार सांगितले. मादीच्या शेपटीखालची पिसं ओली दिसली म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "अभी नहलाया है." थंडीच्या दिवसांत, दुपार कलल्यावर, तेवढाच भाग ओला? लडबडलेली शी धुऊन काढली होती, दुसरं काय. बिल मागितलं तर "अपने यहाँ जबान चलती है." पैसे मात्र यूपीआयने घेतले. पुढे हाती पुरावा असा तेवढाच राहिला.

घरी आणल्यावर रात्री सगळं सामसूम झालं की पिंजऱ्यातून बॉलपेनाचं बटण कोणी दाबत बसावं तसा टिक्-टिक् आवाज यायचा. दुकानातल्या कलकलाटात तो कोणाला ऐकू येणार? नर गाण्यासाठी चोच उघडायचा, पण सूर फुटायचा नाही. मी फोन केला. उत्तर तयारच होतं: "मादी को बुला रहा है, मैडम, सीज़न है." मग मादी दिवसाढवळ्या पिसं फुगवून बसू लागली. निरोगी फिंच झोपताना बहुतेक वेळा एक पाय पोटात ओढून घेतो. ही दोन्ही पायांवर, मान पाठीत खुपसून. त्यावर "इंदौर की ठंड है, सबको लगती है." आणि श्वासागणिक तिची शेपटी खालीवर व्हायला लागली तेव्हा काय म्हणाला माहितेय? "पूँछ तो हिलाएगी ही, पंछी है."

शेपटीचं हे हलणं लबाडीने खपवायला फार सोपं, म्हणून जरा सविस्तर सांगते. फिंच टुणटुण उड्या मारताना शेपटी झटकतोच, ते वेगळं. स्वस्थ बसलेला असताना प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी पंपासारखी हलत असेल तर त्याला श्वास घ्यायला जोर लावावा लागतोय. चोचही उघडी असेल तर उद्यापर्यंत थांबायचं नाही.

खाण्याचंही तसंच. मादी दिवसभर वाटीवर बसलेली दिसायची, त्यामुळे सासूबाई म्हणायच्या, "खातेय की गं, कशाला काळजी करतेस?" वाटीवर फुंकर मारली तेव्हा कळलं की दाणे तसेच आहेत. आजारी पक्षी कांगणीचा (राळ्याचा) दाणा चोचीत घोळवतो, साल काढल्यासारखं करतो आणि टाकून देतो. उलटही होतं बरं का: पक्षी खाणारे असले की वाटी नुसत्या टरफलांनी भरलेली राहते आणि आपल्याला वाटतं दाणे आहेत. दोन्ही वेळा फुंकर मारूनच बघावं लागतं. मादीला हातात घेतलं तर छातीचं मधलं हाड बोटाला धारदार लागलं. दोन्ही बाजूंचं मांस उतरलं होतं. ते चार दिवसांत उतरत नाही, म्हणजे दुकानातूनच ती तशी आली होती.

इथे त्याचा दुसरा धंदा सुरू झाला. नखाने लेबल खरवडलेली एक बाटली, आत पिवळं औषध, साडेतीनशे रुपये. "बाहर का माल है, पानी में दस बूँद." शिवाय थंडीवर दोन थेंब ब्रँडी पाजायचा सल्ला फुकट. एवढ्याशा जिवाला दोन थेंब म्हणजे किती होतात याचा हिशेब कोणीही करावा. ब्रँडी आम्ही दिली नाही. औषधाचं पाणी कडू असावं, कारण दोघांनीही पाणी पिणंच कमी केलं. पुन्हा फोन केला तर म्हणे बाटली हलकी पडली, सातशेवाली घेऊन जा. आजारी पक्षी विकायचे आणि त्याच आजारावर महिनाभर बाटल्या खपवायच्या, असं ते गणित. त्याच्याकडून पक्षी घेतलेल्या आणखी एकदोघांशी नंतर बोलले, त्यांच्या घरीही तशीच खरवडलेली बाटली निघाली.

शेवटी दोघांना घेऊन महूला व्हेटरनरी कॉलेजात गेले. गाडीने तासाभराचा रस्ता. तिथल्या डॉक्टरांनी आधी पिंजऱ्याला हात न लावता लांबून नुसतं बघितलं. मग खोलीत अंधार करून नराच्या गळ्यावरची पिसं ओल्या कापसाने बाजूला केली आणि मागून बारीक टॉर्च धरला. पातळ कातडीतून श्वासनलिका दिसली, आणि तिच्यात काळे ठिपके. वायुकोशातले, म्हणजे फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांतले, माइट्स नावाचे बारीक परजीवी. गोल्डियन आणि कॅनरीत हे विशेष आढळतात. श्वासनलिकेत नि वायुकोशांत राहतात, म्हणून ती टिकटिक, म्हणून गेलेला सूर. बाटलीत अँटिबायोटिक असलं तरी त्याने हे मरत नाहीत, मग ती साडेतीनशेची असो की सातशेची. आयव्हरमेक्टिन लागतं, तेही वजनावरून मोजून पातळ केलेलं, मानेवरच्या कातडीला एक थेंब, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा. गाईम्हशींसाठी मिळणारं औषध अंदाजाने लावलं तर पक्षी औषधानेच जाऊ शकतो.

मादी त्याच रात्री गेली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तसं झालं तर तिला पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि सकाळीच घेऊन या. गोठलं की नीट तपासता येत नाही. श्वासनलिकेत माइट्स निघाले, आतड्यात कॉक्सिडिया, म्हणजे जुलाब लावणारे सूक्ष्म परजीवी. ओल्या पिसांचा उलगडा तिथे झाला.

फुगून बसलेला फिंच दिसला की औषध शोधत धावू नका. नुसतं फुगणं म्हणजे काहीही असू शकतं; मादी तळाशी फुगून बसून जोर लावत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, आणि तिथे तर तासांचा हिशेब असतो. डॉक्टरकडे नेईपर्यंत आपल्या हातात मुख्यतः ऊब असते. छोट्या पिंजऱ्यात वेगळं ठेवा, एका बाजूला बल्ब, तीस अंशांच्या आसपास, दुसरी बाजू थोडी गार, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येतं. दाणापाणी तळाशीच. तळाचा वर्तमानपत्राचा कागद रोज बदला, पण फेकण्याआधी बघा: गडद शी, तिच्यावर पांढरा भाग, थोडं पाणी, हे ठीक. पांढऱ्या भागाला पिवळट-हिरवट झाक दिसली तर मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरला दाखवा. आणि सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा घरात असू द्या. वजन उतरतंय हे डोळ्यांआधी काटा सांगतो.

दुकानात गेलात तर काडी वाजवू नका म्हणावं. चार पावलं मागे सरून दहा मिनिटं गप्प उभे राहा. बिऱ्हाड शांत झालं की आजारी पक्षी आपोआप फुगतो. आवडलेला पक्षी हातात घेऊन छातीचं हाड चाचपा, शेपटीखालची पिसं बघा, कानाजवळ धरून श्वास ऐका. दुकानदार हात लावू देत नसेल तर तिथून निघा. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. आमची झेब्राची जोडी त्यामुळेच वाचली. लेकीने नवा पिंजरा हट्टाने आपल्या खोलीत ठेवून घेतला होता.

याच दुकानात लाल मुनिया आणि रंगवलेल्या साध्या मुनियाही मागच्या बाजूला मिळतात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्या पाळता-विकता येत नाहीत. आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांना 2018च्या नियमांप्रमाणे राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तो कागद दाखवा म्हटलं तर आमचा माणूस चहा सांगायला उठून गेला.

पैसे परत मागितले तेव्हा म्हणाला, जिवंत मालाची गॅरंटी नसते, पण तुमच्यासाठी मादी अर्ध्या किमतीत. त्याच पिंजऱ्यातली. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरची त्याची उत्तरं आणि महूचा तपासणीचा कागद एवढं जोडून मी ग्राहक हेल्पलाइनवर, 1915ला, तक्रार नोंदवली आहे. नराला औषधाचा दुसरा थेंब लावून झाला. टिकटिक थांबली आहे, सूर अजून आलेला नाही.