अख्खी बुडती लाईन की नुसतं बुडतं टोक? ट्वीडवरच्या सॅमनसाठी

स्कॉटलंडच्या ट्वीड नदीवर सॅमन मासे गळाने धरण्याचा हंगाम १ फेब्रुवारीला उघडतो. पाणी तेव्हा चार-पाच अंशांवर असतं आणि डोहातला सॅमन तळाशी सुस्त असतो. गळावर बांधलेली कृत्रिम माशी घ्यायला तो सहसा वर येत नाही, तीच खाली न्यावी लागते. त्यासाठी अख्खी बुडती लाईन (माशी फेकायची जड दोरी) घ्यावी, की तरंगत्या लाईनला दहा-पंधरा फुटांचं बुडतं टोक जोडावं?

डोह खोल, संथ आणि एकसारख्या वेगाचा असेल तर अख्ख्या बुडत्या लाईनला तोड नाही. प्रवाहात काठाकडे वळत येणारी माशी वळणाच्या शेवटीही वर उचलली जात नाही. वाऱ्यातही ही बारीक लाईन नीट जाते.

पण एकदा बुडली की ती हाताबाहेर जाते, आणि माझा कल ठरला तो इथेच. केल्सोला टेव्हियट ट्वीडला मिळते, तसल्या संगमाखाली दोन धारांचा वेग वेगळा असतो. जोराची धार लाईनचं पोट, म्हणजे मधला भाग, प्रवाहाबरोबर खाली ओढते आणि माशी माशाच्या जागेवरून सुसाट फरफटत जाते. तरंगती लाईन काठीने उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकता येते, बुडलेली येत नाही. शिवाय दर फेकीआधी लाईन आत ओढायची, मग एक-दोन रोल कास्ट (लाईन मागे न फेकता पुढे उलगडणं) मारून ती पृष्ठभागावर आणायची. गारठलेल्या बोटांनी हा टप्पा गाळला, की फेक कोसळते आणि पितळी नळीवर बांधलेली माशी थेट डोक्याकडे येते.

बुडत्या टोकाची कटकट म्हणजे ते लाईनला जोडणारा सांधा. पंधरा फुटी काठी, पंधरा फुटी टोक आणि चार फुटी लीडर (टोक आणि माशी यांमधला बारीक धागा) असेल, तर मासा जाळ्याशी येताना सांध्याचा फास नेमका काठीच्या टोकाकडच्या शेवटच्या कडीत अडतो, आणि सॅमन शेवटची धाव घेतो तीही तेव्हाच. वसंतातला मासा परत सोडायचा असतो, त्याला उगाच दमवणं बरं नाही. दहा फुटी टोक लावलं की सांधा बहुधा कडीबाहेर राहतो. लीडर मात्र तीन-चार फुटांचाच ठेवा. तरंगत्या लाईनचा बारा फुटी लीडर तसाच राहिला, तर टोक तळाशी आणि माशी वरच.

सेकंदाला तीन इंच आणि सहा इंच बुडणारी दोन टोकं खिशात असली, की डोहागणिक मिनिटभरात बदल होतो. तुमच्या वाट्याला सगळे संथ, खोल डोहच असतील तर अख्खी लाईन जरूर घ्या, पण रीळ एकच असेल तर मी टोकंच सुचवेन. पाणी नऊ-दहा अंशांच्या वर गेलं की तरंगतं टोक लावून त्याच लाईनवर पुढचा हंगामही काढता येतो.