सेकंडहँड स्पीडबोट, मेंटेनन्सचा खर्च धरून रिव्ह्यू
अलिबागकडची जुनी बोट घेतलीये, गंगापूर धरणासाठी. इंजिन एकदम मस्त चालतं, पण नाशिकमध्ये कोणी घेणार असेल तर किमतीपेक्षा पुढचा खर्च आधी बघा. फोरस्ट्रोक आऊटबोर्डचं (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन) इंजिन ऑइल नि गिअर ऑइल साधारण 100 तासांनी नाहीतर वर्षाला बदलावंच लागतं, आणि गिअर ऑइल काढल्यावर दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजायचं सील गेलंय, पाणी आत शिरतंय. वॉटर पंपाचं रबरी इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवणारं चाक) झिजलं की इंजिन तापतं, तिथे काटकसर नकोच! समुद्रातली बोट धरणात आणणार असाल तर झिंकचे अॅनोड (स्वतः झिजून इंजिनला गंजण्यापासून वाचवणारे धातूचे तुकडे) काढून मॅग्नेशियमचे लावा, गोड्या पाण्यात झिंक नीट काम करत नाही. आणि ट्रान्समचं (इंजिन लावतात त्या मागच्या भिंतीचं) लाकूड ठोकून बघितल्याशिवाय टोकन देऊच नका, कुजलेलं निघालं तर दुरुस्ती पार बोटीच्या किमतीला भिडू शकते.